उजेडाचें दुखणें

भोंगवलीच्या शिवारांत चैत्राचें ऊन तापूं लागलें आणि पत्र्यांची छपरें चकाकूं लागलीं, म्हणजे निरोगी माणसाचेहि डोळे क्षणभर दिपतात. परंतु ज्यांस जुनाट दुखणें जडलेलें आहे, अशा कित्येकांस घरांतील साधा उजेडहि सोसवत नाहीं, ही गोष्ट फार थोड्यांच्या ध्यानांत येते. आमच्याहि आली नव्हती.

भोंगवलीहून येणारा आमचा एक विद्यार्थी पूर्वेच्या खिडकीपाशीं बसे. पहिल्याच तासास तो डोळ्यांवर हात धरी. आम्हीं त्यास आळशी ठरविलें. दोनदां उभेंहि केलें. पुढें त्याच्या मातोश्री येऊन म्हणाल्या, "गुरुजी, पोराला अर्धशिशी आहे. दुखायला लागलं की आम्ही घरात दार लोटून अंधार करतो." आम्ही निरुत्तर झालों.

वास्तविक हें दुखणें आपल्याकडे नवें नाहीं. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रांत अर्धावभेदक हा शिरोरोग सांगितला आहे. शिवाय सूर्य चढेल तसतशी वाढणारी व तो कलल्यावर ओसरणारी सूर्यावर्त नांवाची वेदनाहि.

पण उजेडानें डोकें कां दुखावें? २०१० सालीं अमेरिकेंतील बोस्टन येथें रामी बर्स्टाइन व त्यांचे सहकारी यांनीं अर्धशिशी असलेल्या २० अंध व्यक्तींची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांपैकीं सहा जणांस उजेडाची जाणीवच नव्हती; कोणाचे नेत्र काढलेले, कोणाची नेत्रांतून मेंदूकडे जाणारी नस निकामी झालेली. त्यांची वेदना उजेडानें वाढत नसे. उरलेल्या १४ जणांस पदार्थ ओळखतां येत नसत, तरी उजेड जाणवे. आणि त्यांचें डोकें उजेडांत अधिक दुखे! म्हणजे उजेडाचा जाच दृष्टीवर अवलंबून नाहीं. दृष्टिपटलांतील कांहीं पेशी शरीरास मुख्यतः दिवस-रात्रीचें मान कळवितात. त्यांचे तंतू मेंदूंत जेथें पोहोंचतात, तेथेंच डोक्याच्या वेदनेचे संदेशहि येऊन मिळतात, असें उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें.

सर्वच रोगांत कारण एक नसतें. पाठीच्या मणक्यांस सूज आणणाऱ्या एका संधिवातांत कधीं कधीं डोळ्याच्या आंतील भाग सुजतो. डोळा लाल होऊन दुखूं लागल्यास वैद्याकडे त्याच दिवशीं जावें. ल्यूपस या विकारांत ऊन त्वचेस बाधतें, व त्यानें मूळ रोगहि बळावूं शकतो.

पालकांस एक सूचना करावीशी वाटते. मुलास दिवसभर काळा चष्मा लावून अंधारांत बसवूं नये. डोळे अंधारास सरावतात आणि मग थोडाहि उजेड टोंचतो. उन्हांत रुंद काठाची टोपी व दुखण्याच्या वेळीं कांहीं तास मंद उजेडाची खोली, एवढें पुष्कळ होतें.

त्या विद्यार्थ्यास आम्हीं उत्तरेच्या भिंतीशीं जागा दिली आहे. अजूनहि एखादे दिवशीं तो डोळे मिटून बसतो. त्या दिवशीं आम्ही फळ्यावरील मजकूर मोठ्यानें वाचून दाखवितों.