माथेरानचा घोडा

माथेरान हे रायगड जिल्ह्यातले डोंगरावरचे गाव. उंची सुमारे ८०० मीटर. खाली नेरळ स्टेशन. तिथून वर येणारी छोटी आगगाडी १९०७ साली सुरू झाली. मोटारी मात्र दस्तुरी नाक्यावर थांबतात, गावात येत नाहीत. पुढे पायी चला, नाहीतर घोडा करा. आम्ही घोडा केला.

आधी दर ठरवला. कोणत्या जागा दाखवणार, किती वेळ थांबणार, परत कुठे सोडणार, सगळे तोंडाने बोलून घेतले. नंतरची हुज्जत वाचते.

घोडेवाल्याने तंग ओढून पाहिला. तंग म्हणजे खोगीर बांधण्याचा पोटाखालचा पट्टा. तो ढिला असला तर खोगीर फिरते आणि माणूस खाली येतो. मग तो म्हणाला, "बाबा, डाव्या अंगानं बसा. मागनं जाऊ नका, लाथ मारील."

आम्ही बसलो. जन्मभर पोरांना शिकवले, पण इथे आमचीच शाळा झाली! भीतीपोटी आम्ही रिकिबीत पाय टाचेपर्यंत खुपसला. शार्लट तलावाकडच्या उताराला घोडा खाली झुकला, आम्हीही पुढे झुकलो आणि त्याच्या मानेवर घसरलो. घोडेवाल्याने दंड धरला म्हणून वाचलो.

तो जरा रागानेच म्हणाला, "पाय अडकून पडला असता, तर घोडा फरफटत नेतो. रिकिबीत नुसता चवडा ठेवा, टाच खाली दाबा. चढाला पुढं वाका, उताराला मागं रेला. अन् लगाम ओढू नका, त्याच्या तोंडाला लागतं."

तसे केले. मांड बसली. मग कुठे झाडी दिसू लागली. वाट तांबड्या मातीची, दोन्ही बाजूंना दाट सावली. पावसाळ्यात ही माती निसरडी होते, तेव्हा घोड्यालाही जपून पाय टाकावा लागतो.

लुईझा पॉइंटवर उतरलो. समोर प्रबळगड उभा होता. आमचे लक्ष गडाकडे, घोडेवाल्याचे घोड्याकडे. त्याने तंग सैल केला, पाठीवर हात फिरवून कुठे खरचटले आहे का ते पाहिले. "ह्याची पाठ सोलली की आठ दिवस आमची चूल थंड," तो म्हणाला.

परतताना चढ लागला तेव्हा आम्ही खाली उतरलो. तो म्हणाला, "बसा की बाबा, पैसे दिलेत." आम्ही चालतच राहिलो. गुडघे दुखत होते, पण घोडाही घामाने भिजला होता.