सुटे भाग आणि ग्रामीण रोजगार

वाहनांच्या एका कारखान्यामागे सुट्या भागांचे अनेक कारखाने उभे राहतात. तेव्हाच्या औरंगाबाद जिल्ह्यातील वाळूज येथे १९८५ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना सुरू झाला आणि परिसरात पूरक उद्योग वाढले. मात्र कारखाना जवळ आला म्हणून जमीन दिलेल्या कुटुंबातील तरुणास कुशल काम मिळतेच असे नाही. प्रशिक्षणाअभावी त्याच्या वाट्याला हमाली किंवा पहारेकऱ्याचे काम येते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील फिटर, टर्नर या अभ्यासक्रमांस दोन वर्षे लागतात. शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये कारखान्यातही उमेदवारी करता येते. म्हणून भूसंपादनाची अधिसूचना निघताच ग्रामपंचायतीने व शिक्षकांनी दहावी उत्तीर्ण मुलामुलींची यादी करून त्यांना प्रशिक्षणास प्रवृत्त करावे. भरती सुरू झाल्यावर केलेली तयारी उशिराची ठरते.