लाकडातील लिग्निन

मुलांनो, जुने वर्तमानपत्र उन्हात राहिले की पिवळे पडते, हे तुम्ही पाहिले असेल. (तुमच्या उर्दूतला 'कागज' आणि मराठीतला 'कागद' हे एकच शब्द बरे का!) असा कागद पिवळा पडतो तो लिग्निनमुळे. लाकडात साधारण २० ते ३० टक्के लिग्निन असते. ते लाकडाचे धागे घट्ट धरून ठेवते, म्हणून झाड ताठ उभे राहते.

पांढरा कागद करताना लिग्निन काढून टाकतात आणि बहुतेक कारखान्यांत ते भट्टीत जाळतात. मला हे नुकसानच वाटते. आज खनिज तेलापासून मिळवलेली फिनॉलसारखी रसायने लिग्निनपासूनही मिळू शकतात.

मग अडचण काय? लिग्निन तापवून तोडता येते. पण तुटलेले तुकडे लगेच एकमेकांना चिकटतात आणि पहिल्यापेक्षाही चिवट होतात! येथे धातू मदतीला येतो. निकेलच्या बारीक कणांवर हायड्रोजनचे अणू सुटे होतात. ते लिग्निनमधील कार्बन व ऑक्सिजन यांचे बंध तोडतात आणि तुकड्यांच्या मोकळ्या टोकांना जोडले जातात. त्यामुळे तुकडे पुन्हा सहसा चिकटत नाहीत. या क्रियेत निकेल स्वतः खर्च होत नाही. अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. वनस्पती तूप बनवतानाही निकेलच वापरतात. मात्र लिग्निनचा चिकटा कणांवर साचला की उत्प्रेरक मंदावतो.

दुसरी रीत ऑक्सिजनची. नॉर्वेतील बोरेगार्ड ही कंपनी १९६२ पासून स्प्रूस झाडाच्या लिग्निनपासून व्हॅनिलिन बनवते. तेथे उत्प्रेरक तांब्याचा असतो. आइस्क्रीमला व्हॅनिलाचा जो सुवास येतो, तो मुख्यतः व्हॅनिलिनचाच.