थंडीत कासव जेवत नाही तेव्हा



डिसेंबर लागला की "सर, आमचे कासव काही खातच नाही" ही तक्रार दरवर्षी कानावर येते. घरची मंडळी मग त्याला पोळीचा तुकडा, भात, दुधात भिजवलेला ब्रेड असे काहीबाही घालून पाहतात. कोणी तर तोंड उघडून भरवतात. यातले काहीही करू नये.

पण आधी आपले कासव कोणते ते बघा. हिंदीत कछुआ म्हणा की मराठीत कासव, जमिनीवरचे आणि पाण्यातले दोन्ही एकाच शब्दात येतात आणि घोटाळा होतो. काचेच्या टाकीतले, डोळ्यामागे लाल पट्टा असलेले हिरवे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. ते मूळचे अमेरिकेतले आणि पाण्यात राहणारे. हा धडा त्याच्याबद्दल आहे. पाठीवर पिवळ्या ताऱ्यांची नक्षी असलेले कासव किंवा आपल्या नदी-तलावातले देशी कासव घरी असेल, तर प्रश्न आहाराचा नसून कायद्याचा आहे. तारा कासव १ एप्रिल २०२३ पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. "घरात बरकत येते" हे कारण तिथे चालत नाही. पालकांनी वन विभागाला कळवावे.

आता स्लायडर जेवत का नाही? मराठी पुस्तकांत अशा प्राण्यांना शीतरक्ताचे म्हणतात. मी बी.एससी. हिंदीतून केले, तिथे शब्द होता 'असमतापी', आणि मला तोच जास्त बरोबर वाटतो. कासवाचे रक्त थंड असते असे नाही. बाहेर जेवढी ऊब, तेवढी त्याच्या अंगात. आपण पोळी खाऊन अंग गरम ठेवतो, त्याला ते जमत नाही. भोपाळात जानेवारीच्या रात्री पारा १० अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली. टाकीतले पाणी २० अंशांखाली गेले की कासवाची भूक मंदावते, कारण पोटातले पचनही मंदावलेले असते. अशा वेळी बळजबरीने घातलेले अन्न पचत नाही, आतच सडते. म्हणजे ते खात नाही हा त्याचा शहाणपणाच आहे.

म्हणून आधी ऊब, मग अन्न. मत्स्यपालनाच्या दुकानात टाकीचा हीटर आणि थर्मामीटर मिळतो. पाणी २४ ते २७ अंश ठेवा. हीटर मोठ्यांनीच लावावा, आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढावा. चढून बसायला एक कोरडा दगड हवा. सकाळचे ऊन द्या, पण खिडकीच्या काचेतून नव्हे. कवचासाठी लागणारे अतिनील किरण काच अडवते. उन्हात ठेवताना अर्धी जागा सावलीत असू द्या.

पाणी ऊबदार झाले की भूक परत येते. पिल्लाला रोज थोडे, मोठ्याला आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. अन्न पाण्यातच टाका, कारण पाण्याबाहेर त्याला गिळता येत नाही. लहानपणी ते जास्त मांसाहारी असते, मोठेपणी पाला जास्त खाते. कासवाच्या गोळ्या मुख्य. सोबत सलाद पत्ता, किसलेले गाजर, लाल भोपळा. पालक रोज नको, त्यातले ऑक्झॅलिक आम्ल कॅल्शियम बांधून ठेवते. नुसत्या सुक्या झिंग्यांवर वाढलेल्या कासवाचे कवच मऊ पडते. पंसारीकडचा समुद्रफेसाचा तुकडा टाकीत ठेवला तर ते कुरतडते, कॅल्शियम मिळते. हाताळल्यावर हात साबणाने धुवा. कासवाच्या अंगावर साल्मोनेला जंतू असू शकतात.

ऊब देऊनही आठवडाभर खात नसेल, डोळे सुजले असतील, नाकातून बुडबुडे येत असतील किंवा एका बाजूला कलून पोहत असेल, तर पशुवैद्याकडे न्या. न्युमोनिया घरच्या उपायांनी बरा होत नाही.

काही जण कंटाळून त्याला सरळ बड्या तालाबात सोडतात. आपला भोज ताल २००२ पासून रामसर यादीतले पाणथळ क्षेत्र आहे, आणि स्लायडर जगातल्या सर्वात उपद्रवी शंभर परक्या प्रजातींच्या यादीत आहे. तो देशी कासवांचे अन्न आणि उन्हाच्या जागा बळकावतो. त्याचे कवच पाऊण-एक फुटापर्यंत वाढते आणि तो वीस-तीस वर्षे जगतो, हे विकत घेतानाच विचारात घ्या.

फेब्रुवारीअखेर पाणी आपोआप तापू लागते. हीटर एकदम बंद न करता तापमान रोज बघा आणि रात्रीचे पाणीही २४ अंशांवर टिकले, की मगच काढा.