चुलीवाचून लाडू

स्वयंपाक म्हटला की चूल आलीच, अशी आपली समजूत असते. भाकरी भाजावी लागते, भात शिजवावा लागतो, भाजी परतावी लागते. परंतु विस्तवापाशी न जाता मुलामुलींनी आपल्या हातांनी करावा, असाही एक पौष्टिक खाऊ महाराष्ट्राच्या घराघरांत पिढ्यानपिढ्या केला जातो. तो म्हणजे दाणेगुळाचा लाडू. त्याला पाक नको, तळण नको, तूपही नको. भाजलेले दाणे आणि गूळ एवढ्यावर त्याचे काम भागते.

कृती सोपी आहे. म्हणून ती निष्काळजीपणे करावी असे मात्र नव्हे. अग्नी अन्न शिजवतो, तसाच तो अन्नातील पुष्कळशा रोगजंतूंचा नाशही करतो. हा लाडू वळून झाल्यावर पुन्हा विस्तवावर चढत नाही. हाताची मळ किंवा भांड्यातील घाण त्यात गेली, तर ती तशीच पोटात जाते. तेव्हा येथे अग्नीचे काम करणाऱ्याच्या दक्षतेला करावे लागते. हे ध्यानात ठेवून आपण या लाडवाची माहिती करून घेऊ.

प्रथम दाण्यांचा विचार करू. ‘भुईमूग’ हे नाव किती अन्वर्थक आहे पाहा! या झाडाला पिवळी फुले येतात ती जमिनीच्या वर. पण फुलाखालून निघालेले देठासारखे कोंब, ज्यांना शेतकरी ‘आऱ्या’ म्हणतात, ते खाली वाकून मातीत शिरतात आणि शेंगा धरतात त्या भुईच्या पोटात. हे पीक मूळचे दक्षिण अमेरिकेतील. युरोपीय लोकांच्या सागरी प्रवासांनंतर ते जगभर पसरले आणि आपल्या देशात तर इतके रुळले, की आज आपल्याकडे उपवासाच्या ताटातही दाण्यांना मान आहे.

या पिकाच्या मुळांवर गाठी असतात. त्यांतील सूक्ष्म जंतू हवेतील नत्र घेऊन जमिनीला सुपीक करतात. अमेरिकेतील अलाबामा राज्यात सतत कापूस पिकवून जमिनी निकस झाल्या होत्या. तेथील टस्कीगी येथील संस्थेत १८९६ साली आलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर यांनी शेतकऱ्यांना भुईमूग लावण्याचा सल्ला दिला आणि १९१६ साली दाण्यांचे १०५ खाद्यप्रकार सांगणारी पुस्तिका प्रसिद्ध केली. वीणा गवाणकर यांच्या ‘एक होता कार्व्हर’ या पुस्तकामुळे मराठी वाचकांना हे नाव सुपरिचित आहे. गरिबाच्या घरी सहज येणारा दाणा हेच उत्तम अन्न होऊ शकते, हे त्यांनी जाणले होते.

ते उत्तम कसे? १०० ग्रॅम दाण्यांत सुमारे २४ ते २५ ग्रॅम प्रथिने असतात. वाढत्या वयात शरीराची बांधणी करण्यास प्रथिने अत्यंत आवश्यक असतात. दाण्यांत स्निग्धांशही भरपूर असतो आणि त्यापासून शक्ती मिळते. गुळाने गोडी येते, तशीच शक्तीही मिळते. उन्हातून आलेल्या पाहुण्यापुढे गूळपाणी ठेवण्याची खेड्यांतील चाल याच अनुभवातून आली असावी. तथापि गूळ झाला तरी तो साखरेचाच भाऊबंद. मधुमेह असलेल्या वडीलधाऱ्यांनी तो वैद्यकीय सल्ल्यावाचून खाऊ नये, आणि इतरांनीही मनमुराद खाऊ नये.

आता कृतीकडे वळू. साहित्य असे : भाजलेले दाणे २५० ग्रॅम, चांगला पिवळसर गूळ १५० ग्रॅम आणि थोडी वेलदोड्याची पूड. दाणे घरी भाजायचे असतील तर ते काम मोठ्या माणसांकडून करून घ्यावे; नाहीतर फुटाणेवाल्याकडून भाजलेले दाणे आणावेत.

सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे दाणे निवडणे. बुरशी आलेला, काळपट पडलेला, सुरकुतलेला वा कडवट लागणारा दाणा निःशंकपणे टाकून द्यावा. ‘एका दाण्याने काय होणार?’ असे कोणी म्हणेल. १९६० साली इंग्लंडमध्ये टर्की नावाचे सुमारे एक लाख पाळीव पक्षी पाहता पाहता मृत्युमुखी पडले. शोध घेता असे आढळले, की त्यांच्या खाद्यातील भुईमुगाच्या पेंडीला बुरशी लागली होती आणि त्या बुरशीने एक जहाल विष निर्माण केले होते. त्या विषाला पुढे ‘अफ्लाटॉक्सिन’ हे नाव मिळाले. दाणे भाजल्यानेही हे विष पूर्णपणे नाहीसे होत नाही. जे अग्नीला साधत नाही, ते निवडणाऱ्याच्या डोळ्यांना साधावे लागते, ते असे.

निवडलेले दाणे तळहातांनी चोळून सुपात पाखडावेत, म्हणजे साले उडून जातील. नंतर साबणाने हात स्वच्छ धुऊन कोरडे करावेत. खलबत्त्यात दाण्यांचा जाडसर कूट करावा. गूळ बारीक चिरून त्यात मिसळावा, वेलदोड्याची पूड घालावी आणि पुन्हा कुटावे. कुटता कुटता दाण्यांचे तेल सुटू लागते, गूळ मऊ होतो आणि मिश्रण चकाकू लागते. लाडू बांधला जाण्याचे रहस्य हेच. थोडे मिश्रण मुठीत दाबून पाहावे; गोळा फुटला नाही तर लाडू वळण्यास हरकत नाही. फुटला तर वरून पाणी घालू नये. पाण्याने लाडू लवकर बिघडतात. आणखी थोडे कुटावे.

वर सांगितलेल्या मापात सुमारे २५ ग्रॅम वजनाचे १६ लाडू होतात. एका लाडवापासून सुमारे १२० कॅलरी शक्ती आणि साडेतीन ग्रॅमांहून थोडी अधिक प्रथिने मिळतात. मधल्या सुट्टीत खेळण्यापूर्वी एक किंवा दोन लाडू पुरेत. ते कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावेत आणि आठवडाभरात संपवावेत. फार दिवस राहिल्यास दाण्यांचे तेल खवट होते.

एक सूचना अवश्य लक्षात ठेवावी. काही जणांच्या प्रकृतीला दाणे मुळीच सोसत नाहीत. एवढासा कण पोटात गेला तरी अंगावर गांधी उठतात, श्वास कोंडतो, प्रसंगी जिवावर बेततेही. म्हणून मित्राला लाडू देण्यापूर्वी ‘तुला दाणे चालतात ना?’ असे विचारावे, आणि तो नको म्हणाल्यास आग्रह करू नये. तसेच पाच वर्षांखालील बालकांना अख्खे दाणे देऊ नयेत. ते घशात अडकण्याचे भय असते.

आपल्या आईच्या हाताला चव आहे, असे आपण सहज बोलून जातो. ती चव केवळ तिखटामिठाच्या मापात नसते. धान्य निवडताना तिने वेचून टाकलेला खडा आपल्याला दिसत नाही, आणि सडका दाणाही दिसत नाही. खाणाऱ्याला न दिसणारे हे काम जो मनापासून करतो, त्याच्या हातचे अन्न निर्धास्तपणे खावे. येत्या सुट्टीच्या दिवशी तुम्ही हे लाडू करा. आणि पहिला लाडू, ज्यांनी आजवर तुमच्यासाठी दाणे निवडले, त्यांच्या हातावर ठेवा.

स्वाध्याय

१. ‘भुईमूग’ हे नाव अन्वर्थक आहे, असे लेखक का म्हणतो?
२. विस्तवावर न चढणारा पदार्थ करताना अधिक दक्षता का घ्यावी लागते?
३. १९६० साली इंग्लंडमध्ये घडलेल्या घटनेवरून कोणता बोध घ्यावा?
४. वाक्यांत उपयोग करा : निःशंकपणे, जिवावर बेतणे, मनमुराद, रुळणे.
५. चुलीवाचून होणाऱ्या तुमच्या घरच्या एखाद्या पदार्थाची कृती आठ-दहा ओळींत लिहा.