हक्काचा अर्ज

१५ जानेवारी २०२१ हा दिवस महाराष्ट्रातील हजारो खेड्यांत ग्रामपंचायतीच्या मतदानाचा दिवस होता. पुणे जिल्ह्यातील शिरूर व दौंड या तालुक्यांतही अनेक गावी मतदारांच्या रांगा लागल्या होत्या. दौंड जंक्शनहून एक लोहमार्ग उत्तरेस मनमाडला जातो. तेथून पूर्वेकडे वळले की जळगाव लागते आणि जळगावच्या पुढे भादली हे लहानसे स्थानक येते. भादली बुद्रुक गावीही त्याच दिवशी मतदान होते; परंतु तेथील एक अर्ज साऱ्या राज्यात गाजला.

गावातील एक जागा स्त्रियांसाठी राखीव होती. त्या जागेसाठी अंजली पाटील यांनी अर्ज भरला. अंजली तृतीयपंथी आहेत. जन्माच्या वेळी ज्याला मुलगा म्हटले, त्या व्यक्तीस पुढे आपण स्त्री आहोत असे अंतःकरणापासून जाणवावे, असे काही माणसांच्या बाबतीत घडते. अशा माणसांना समाजाने फार काळ दूर लोटले. मतदारयादीतही पुरुष व स्त्री यांखेरीज तिसरी नोंद नव्हती. २००९ साली निवडणूक आयोगाने ‘इतर’ अशी नोंद करण्याची सोय केली. पुढे १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की, आपण पुरुष, स्त्री की तृतीयपंथी, हे ठरविण्याचा अधिकार ज्याचा त्याला आहे. २०१९ च्या कायद्यानेही हा अधिकार मान्य केला.

तरीही छाननीच्या वेळी अंजलींचा अर्ज नामंजूर झाला. जागा स्त्रियांची, उमेदवार तृतीयपंथी, आणि तृतीयपंथीयांसाठी तर एकही जागा राखीव नाही! स्त्री म्हणून जगणाऱ्या व्यक्तीला स्त्रियांच्याच जागेवर मज्जाव, असा हा पेच होता.

मतदानास थोडेच दिवस उरले होते. पण अंजली स्वस्थ बसल्या नाहीत. त्यांनी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे दाद मागितली. आपण स्त्री हीच ओळख स्वीकारली असून ती जन्मभर बदलणार नाही, असे त्यांच्या वतीने सांगण्यात आले. २ जानेवारी २०२१ रोजी न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी त्यांना स्त्रियांच्या जागेवरून निवडणूक लढविण्यास परवानगी दिली.

१८ जानेवारीस मतमोजणी झाली आणि अंजली पाटील निवडून आल्या. न्यायालयाने त्यांच्यासाठी दार उघडले. परंतु आत येण्याचा मान दिला तो गावकऱ्यांनी!

असा विश्वास लोकांनी पूर्वीही दाखविला होता. मध्य प्रदेशातील सोहागपूरच्या मतदारांनी शबनम मौसी यांना विधानसभेत पाठविले. २०१७ साली सोलापूर जिल्ह्यातील तरंगफळ गावाने ज्ञानेश्वर कांबळे यांना सरपंच केले.

पिण्याचे पाणी, रस्ते, दिवाबत्ती ही ग्रामपंचायतीची कामे. ती करण्यास गावाविषयी कळकळ हवी. माणसाची पारख त्याच्या कामावरून करावी, हे शहाणपण भादलीच्या मतदारांनी दाखविले.

अभ्यास
१. अंजली पाटील यांचा अर्ज का नामंजूर झाला?
२. २०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने कोणता अधिकार मान्य केला?
३. ‘न्यायालयाने दार उघडले, परंतु आत येण्याचा मान दिला तो गावकऱ्यांनी’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.