ध्वनिमुद्रिकेची साक्ष
(फोनो प्रिअँप्लिफायरांची तुलना)



गेल्या पावसाळ्यांत आपल्या एका विद्यार्थ्याचे वडील एक जुनी पत्र्याची पेटी घेऊन आमच्या विज्ञानशाळेंत आले. पेटींत त्यांच्या दिवंगत वडिलांनीं जमविलेल्या ध्वनिमुद्रिका होत्या. कांहीं मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या जड तबकड्या, आणि कांहीं ३३⅓ फेऱ्यांच्या, लांब वाजणाऱ्या. त्यांनीं नवें टर्नटेबल विकत आणून तें घरांतील स्पीकरला जोडलें होतें. परंतु पंडित भीमसेन जोशींचा भरदार आवाज डासाच्या गुणगुणण्यासारखा ऐकूं येई, आणि तबला तर जवळजवळ नाहींसाच झाला होता. “तबकड्या झिजल्या, गुरुजी. आतां मोडींत घालाव्या म्हणतों,” असें ते म्हणाले.

आमचें जालना हें मोडीचें लोखंड वितळवून नवें करणारें गांव. येथें जुनी वस्तु मोडींत घालणें फार सोपें. तथापि आरोपीचें म्हणणें ऐकल्यावांचून त्याला शिक्षा देऊं नये, हा न्याय तबकडीलाहि लागू आहे. म्हणून ती पेटी मीं आठ दिवस ठेवून घेतली. त्या आठ दिवसांत मुलांनीं व मीं जें पाहिलें, तोच हा पाठ होय.

१. खांचेंत काय कोरलेलें असतें?

पुष्कळांची अशी समजूत असते कीं, तबकडीच्या खांचेंत ध्वनि जसाच्या तसा कोरलेला असतो. तसें नाहीं. खालचे स्वर पूर्ण जोरानें कोरावयाचे म्हटलें, तर कोरणारी सुई दोहों बाजूंस फार दूर जाईल, शेजारची खांच फोडील, आणि एका बाजूवर फार थोडें गाणें मावेल. म्हणून खालचे स्वर मुद्दाम लहान करून कोरतात. उलट, उंच स्वर मुद्दाम मोठे करून कोरतात. कारण तबकडीची खरखर मुख्यतः त्याच पट्टींत ऐकूं येते, व तिच्यांत ते बुडून जाऊं नयेत अशी इच्छा असते.

अर्थात् वाजवितांना हें सर्व बरोबर उलटें केलें पाहिजे. त्यासाठीं १९५४ सालीं अमेरिकेंतील ध्वनिमुद्रण-व्यावसायिकांच्या संघानें एक प्रमाण ठरविलें. तें ‘आरआयएए’ या आद्याक्षरांनीं पुढें जगभर रूढ झालें. त्याप्रमाणें १,००० हर्ट्झचा स्वर आहे तसा राहतो. ५० हर्ट्झचा स्वर सुमारें १७ डेसिबेल, म्हणजे सातपट, वाढवितात. २० हर्ट्झचा १९.३ डेसिबेल, म्हणजे नऊपटींहून अधिक. आणि १०,००० हर्ट्झचा स्वर १३.७ डेसिबेल उतरवितात, म्हणजे एक-पंचमांशावर आणतात.

हें काम करणारें जें लहानसें यंत्र, तोच फोनो प्रिअँप्लिफायर. त्याचें दुसरें काम विद्युत्संदेश मोठा करण्याचें. सुईला हालतें चुंबक जोडलेलें जें सामान्य कार्ट्रिज असतें, त्यांतून अवघे ३ ते ५ मिलिव्होल्ट निघतात; घरांतील अँप्लिफायरला तर कांहीं शें मिलिव्होल्ट लागतात. म्हणून तेथें सुमारें शंभरपट, म्हणजे ४० डेसिबेल, वाढ करावी लागते. ज्या कार्ट्रिजांत चुंबक स्थिर राहून वेटोळें हालतें, त्यांतून बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टाहूनहि कमी निघत असल्यामुळें त्यांना सुमारें हजारपट, म्हणजे ६० डेसिबेल, वाढ हवी.

आतां त्या गृहस्थांच्या घरीं काय घडलें हें तुमच्या ध्यानांत आलें असेल. त्यांच्या टर्नटेबलांत प्रिअँप्लिफायर होता, पण त्याची कळ बंद होती. त्यामुळें कोरलेला संदेश जसाच्या तसा, दुबळा व उलटा न केलेला, स्पीकरकडे गेला. खालचे स्वर लोपले, उंच स्वर कर्कश झाले. तबकडी निर्दोष होती.

२. तीन यंत्रांची परीक्षा

आम्हीं तीन प्रिअँप्लिफायर तुलनेसाठीं घेतले. पहिला टर्नटेबलाच्या पोटांतला. दुसरा एका जुन्या अँप्लिफायरांतला, ज्याच्या पाठीमागें ‘फोनो’ असें लिहिलेलें असतें तो. आणि तिसरा स्वतंत्र लहान डबीच्या रूपाचा.

आरंभींच माझ्या हातून एक चूक झाली, ती लपविण्यांत अर्थ नाहीं. टर्नटेबलांतला प्रिअँप्लिफायर चालू ठेवून मीं त्याची तार दुसऱ्याच्या ‘फोनो’ तोंडांत घातली. संदेश दोनदां वाढला व दोनदां उलटा झाला. आवाज घुमूं लागला, शब्द फाटूं लागले, आणि मागच्या बाकावरील मुलें हंसूं लागलीं. हीच चूक घरोघरीं होत असते. एका वेळीं एकच प्रिअँप्लिफायर, हा नियम वहींत लिहून ठेवा.

चूक सुधारल्यावर मुलांना डोळे मिटून ऐकावयास लाविलें. बहुतेकांनीं पहिल्या यंत्राला पसंती दिली. परंतु तें यंत्र इतरांहून मोठ्यानें वाजत होतें, एवढेंच त्याचें कारण होतें. जो आवाज किंचित् मोठा, तो मनुष्याच्या कानाला अधिक चांगला वाटतो. म्हणून मोबाइलमधील ध्वनिमापक मधोमध ठेवून, एकच कडवें पुनः पुनः वाजवून, तिन्हीं यंत्रांचा आवाज सारखा केला. मग निकाल फिरला. पहिल्यांत बारीक सूंसूं ऐकूं येत होती. दुसऱ्यांत उंच स्वर टोंचत होते. तिसरा शांत होता.

दुसऱ्याचा दोष तरी त्याचा स्वतःचा होता काय? हालत्या चुंबकाच्या कार्ट्रिजापुढें बहुधा ४७,००० ओहमचा रोध व १०० ते ३०० पिकोफॅरडची धारिता असावी लागते. या धारितेंत तारेचीहि भर पडते. साधारण तारेची धारिता दर मीटरला सुमारें १०० पिकोफॅरड धरतां येते. धारिता वाढली कीं कार्ट्रिजांतील वेटोळ्याशीं तिचें अनुनादन होऊन उंच स्वर अवास्तव उचलले जातात. आम्हीं दोन मीटरची तार काढून एक मीटरची लाविली, तों टोंचणें पुष्कळच कमी झालें. त्यानंतर दुसरें चांगलें कीं तिसरें, याविषयीं मुलांचें एकमत होईना. जेथें बारा कान भांडतात, तेथें भेद लहान असतो असें समजावें.

तिसऱ्यानेंहि एकदां घरघर केली. टर्नटेबलाची भूमितार, म्हणजे अर्थिंगची बारीक तार, जोडावयाची राहिली होती. आपल्या देशांतील विजेचा प्रवाह ५० हर्ट्झचा असतो, आणि प्रिअँप्लिफायर तर ५० हर्ट्झ सातपट वाढवितो. म्हणून वीजतारेची जी कुजबुज इतर यंत्रांत ऐकूंहि येत नाहीं, ती येथें गर्जना होऊन बसते. तार स्क्रूखालीं आवळतांच घरघर थांबली.

३. जुन्या तबकड्यांचा निराळा न्याय

पेटींतील ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांना मात्र वरील प्रमाण लावतां येत नाहीं, कारण तें त्यांच्या नंतर जन्मलें. गौहरजाननें १९०२ सालीं कलकत्त्यास पहिल्या ध्वनिमुद्रिका दिल्या, त्या कर्ण्यांत गाऊन. मायक्रोफोन व विद्युत् यांच्या साहाय्यानें कोरणें १९२५ पासून सुरू झालें. बालगंधर्वांच्या (१८८८–१९६७) नाट्यपदांचा किंवा उस्ताद अब्दुल करीम खांसाहेबांच्या ख्यालांचा ज्या काळांत प्रसार झाला, त्या काळीं निरनिराळ्या कंपन्यांचीं प्रमाणें निरनिराळीं होतीं, आणि पुष्कळ तबकड्यांत उंच स्वर मोठे करून कोरलेलेच नव्हते. जे वाढविलेलेच नाहींत ते उतरविले, तर गायक घोंगडी पांघरून गात असल्यासारखा वाटतो. मग आपण म्हणतों, जुनें ध्वनिमुद्रणच वाईट! दोष आपल्या यंत्राचा, आणि नांव गायकाचें.

अशा तबकड्यांसाठीं प्रमाण बदलण्याची सोय असलेला प्रिअँप्लिफायर घ्यावा, किंवा संगणकावर नक्कल करून तेथें स्वरांचें माप सुधारावें. सुईहि निराळी हवी. लांब वाजणाऱ्या तबकडीच्या सुईचें टोंक सुमारें १८ मायक्रॉन त्रिज्येचें, तर ७८ फेऱ्यांच्या तबकडीचें सुमारें ६५ ते ७५ मायक्रॉन. बारीक सुई रुंद खांचेच्या तळाशीं घासते व खरखरच वेचून आणते.

४. पालकांस विनंती

नवें यंत्र घेण्यापूर्वीं चार गोष्टी पाहाव्या. टर्नटेबलांत किंवा अँप्लिफायरांत प्रिअँप्लिफायर आधींच आहे काय? आपलें कार्ट्रिज हालत्या चुंबकाचें कीं हालत्या वेटोळ्याचें? तार आंखूड व भूमितार घट्ट आहे काय? आणि तुलना करतांना आवाज सारखा केला आहे काय? इतकें करूनहि उणीव भासली, तरच स्वतंत्र यंत्राला पैसे द्यावे. चुकीच्या जोडणींत आणि योग्य जोडणींत जमीनअस्मानाचें अंतर आढळतें. दोन बऱ्या यंत्रांत तितकें खचित आढळत नाहीं. किंमत हा शेवटचा प्रश्न आहे, पहिला नव्हे.

नवव्या दिवशीं ते गृहस्थ आपल्या वृद्ध आईला घेऊन आले. आम्हीं कांहीं एक नवें विकत न घेतां, त्यांच्याच टर्नटेबलाची कळ चालू करून तबकडी लाविली. तानपुरा घुमला, तबला बोलूं लागला. एके ठिकाणीं सुई टक्‌कन उडाली, तेव्हां आजीबाई हंसल्या. “तो ओरखडा माझ्या हातचा. दिवाळींत फडका मारतांना पडला. हे दोन दिवस बोलले नव्हते माझ्याशीं,” असें म्हणून त्यांनीं डोळ्यांस पदर लावला. पेटी परत घरीं गेली. ती मोडींत गेली नाहीं.

मुलांनो, आपल्याला ऐकूं आलें नाहीं म्हणजे समोरचा बोललाच नाहीं, असें समजूं नका. आधीं आपली जोडणी तपासा.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. कार्ट्रिजांतून ४ मिलिव्होल्ट निघत असतां ४० डेसिबेल वाढ केल्यास किती मिलिव्होल्ट मिळतील?
२. भूमितार सुटली असतां उंच शिटी ऐकूं न येतां खालची घरघरच कां ऐकूं येते?
३. आपल्या घरीं किंवा शेजारीं जुन्या तबकड्या असल्यास वडील माणसांस विचारून त्यांची यादी करा. गायकाचें नांव, फेरे व तबकडीवरील क्रमांक लिहा. आणि प्रत्येकीची एखादी आठवण विचारावयास विसरूं नका.